कोपरे झिजलेला कोळसा

तात्या, सांगा पाहू, भरवसा कोणाचा धरावा? गोड बोलणाऱ्याचा, की तोंडावर नाही म्हणणाऱ्याचा?

आमच्या गिरगावच्या चाळीतला माधव विलायतेहून खाणकामाची पदवी घेऊन आला, तो घरीच बसून. लोक चिडवत, "अरे माधवा, निदान विहीर तरी खणून दे!"

एकदा माधव माझ्या लाकडाच्या वखारीत येऊन बसला असताना एक गृहस्थ दगडी कोळशाचा मोठा खडा घेऊन आले. म्हणाले, "शेठ, कोकणात माझी खाण आहे. परवाच हा तिथे फोडून काढला. भागीदार व्हा. तुमच्या या पदवीधराला मॅनेजर करू."

त्याचा एक तुकडा शेगडीत टाकला, तर झकास पेटला. मी वखार गहाण टाकायला निघालोच होतो. माधवाने खड्यावरून बोट फिरवले.

"काका, ताज्या फोडलेल्या कोळशाचे कोपरे बोटाला टोचतात. हे झिजलेत. हा परवाचा नाही; दूरदेशाहून कित्येक दिवस बोटीतून, गाडीतून हिंदकळत आलाय."

गृहस्थ हसले. "पोरा, नोकरी नको का तुला?"

"हवी ना! पण खाण असलेली."

गृहस्थ खडा तिथेच टाकून चालते झाले. पुढे मी परळच्या गिरण्यांना कोळसा पुरवू लागलो, तेव्हा पारखायला माधवालाच ठेवले.

तात्या, तुम्ही आता दुकान काढताय. एवढे ऐका, हिशेब माधवाच्या बोलण्यासारखा ठेवा. स्वतःला टोचला तरी खरा.