रंगा उठला

सेतुमाधव : पाण्यावर हे काळं काळं काय तरंगतंय?

भवानी : कुठं?

सेतुमाधव : माशांच्या पेटीत. इकडं ये, बघ. मिरी आहे ही, भवानी! सात-आठ दाणे.

भवानी : स्वयंपाकघरातून उडून आली असेल.

सेतुमाधव : मिरी उडते?

भवानी : पंखा किती मोठा ठेवता तुम्ही.

सेतुमाधव : बत्तीस वर्षं रेल्वेच्या ऑफिसात लोकांच्या चौकश्या केल्यात मी. खरं सांग.

भवानी : सांगतें. पण ओरडायचं नाही. सोमवारी त्या तांबड्या माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आले. तुम्हांला दाखवले कीं नाही?

सेतुमाधव : दाखवलेस.

भवानी : देवी आल्या त्यांना. मी बघितल्याबरोबर ओळखलं. मग मारियम्मन देवीला मीठ-मिरीचा नवस बोललें.

सेतुमाधव : माशांना देवी?

भवानी : कसाला येऊ नयेत? त्यांना काय कुणी टोचलंय?

सेतुमाधव : अगं, मग मीठ-मिरी देवळात नेऊन वाहायची!

भवानी : देवळाच्या तळ्यातच टाकतात कीं लोक. आजारी इथं, पाणी इथं, मी उगीच ट्रिप्लिकेनभर कसाला फिरू? आज दुपारी एक मूठ मीठ टाकलं, दहा मिरे टाकले. पेटीच्या मागं कडुलिंबाचा टाळाही बांधलाय. तीन दिवस झाले, तो तुम्हांला दिसला नाही.

सेतुमाधव : एक मूठ! भवानी, मीठ मीही घातलंय.

भवानी : तुम्ही? मिठाचा डबा कुठं असतो ते ठाऊक आहे तुम्हांला?

सेतुमाधव : शोधला. मासे राघोत्तमरावांचे, ऑर्डरही त्यांचीच, इन रायटिंग. जाताना दिलेली ही चिठ्ठी बघ. ‘अंगावर ठिपके दिसल्यास मीठ घालावे.’ सोमवारी चार चमचे घातले. मंगळवारी पाणी दोन बोटं उतरलं, हा उकाडा. म्हणून पाणी भरलं, आणि परत चार चमचे. काल तसंच.

भवानी : पाणी उडालं. मीठ कुठं उडालं?

सेतुमाधव : ते ऑर्डरमध्ये नव्हतं.

भवानी : सांबार आटलं कीं खारट होतं, हे कळायला चिठ्ठी होणा? अय्यो! त्यांना नेऊन मरीनाच्या समुद्रात सोडलं असतं तरी चाललं असतं.

सेतुमाधव : घाबरू नकोस. तांबडे बरे दिसतायत. ठिपकेही कमी झालेत.

भवानी : आणि रंगा?

सेतुमाधव : त्याचं काय? तो मिश्या पसरून तळाला पडला असेल. चोवीस तास आडवा, म्हणून तर राघोत्तमरावांनी श्रीरंगमच्या शेषावर झोपलेल्या देवाचं नाव ठेवलंय.

भवानी : तळाला नाही तो.

सेतुमाधव : दगडाखाली बघ.

भवानी : तिथंही नाही. वर बघा, वर! पाण्याच्या तोंडाशी आलाय. रंगा उठलाय!

सेतुमाधव : उठला? मग शुभच आहे.

भवानी : शुभ कसलं? तोंड बघा त्याचं. धापा टाकतोय तो. ती चिठ्ठी द्या इकडं.

सेतुमाधव : वाचून दाखवली कीं आत्ता.

भवानी : मागच्या बाजूलाही लिहिलंय.

सेतुमाधव : मागच्या?

भवानी : ‘परंतु रंगाला खवले नाहीत. त्याला मीठ सोसत नाही. म्हणून अगदी थोडे, आणि तेही मगभर पाण्यात विरघळवून, एकदाच. खडे टाकू नयेत. खडे तळाला जातात आणि रंगा तळाला असतो.’ बत्तीस वर्षं ऑफिसात! आणि कागद उलटला नाहीत!

सेतुमाधव : आमच्याकडं मागे मजकूर असला तर खाली तसं लिहीत असत. कायदाच होता.

भवानी : किती वाजले?

सेतुमाधव : सव्वाचार.

भवानी : पाचला येणार ते. एग्मोरला उतरून थेट इकडं. त्यांचा मुलगा अंबत्तूरच्या कारखान्यात, आज दिवसपाळी तर उद्या रातपाळी. म्हणून होणाऱ्या व्याह्यांवर विश्वास टाकून माशांना इथं ठेवून गेले. आणि आपण त्यांचं लोणचं घातलं.

सेतुमाधव : माशापायी कुणी लग्न मोडत नाही.

भवानी : तुमच्या बोलण्यापायी मोडलंय कीं दोनदा. हे सातवं स्थळ. आणि ऐका, आपली कामाक्षी क्लासला जाताना गुणगुणते आहे आठ दिवस. टाइपरायटिंगच्या क्लासला! आधीच्या सहांच्या वेळी गुणगुणली होती कां?

सेतुमाधव : …नाही.

भवानी : मग उठा. पाणी बदलायचं.

सेतुमाधव : विहिरीचं काढतो.

भवानी : नक्को! इथं लिहिलंय, ‘तुमच्या विहिरीचे मचूळ आहे, ते घालू नये. नळाचे, साठवलेले घालावे.’

सेतुमाधव : नळ पहाटे येतो. आता कुठलं आणू?

भवानी : प्यायचे दोन माठ आहेत.

सेतुमाधव : आणि राघोत्तमरावांची कॉफी?

भवानी : आधी रंगा. कॉफीचं मग बघू. तो मग हातात घ्या आणि पेटीतलं पाणी उपसा. अर्धंच. बादलीत टाका, माझ्या पायांवर नक्को!

सेतुमाधव : रंगाला तेवढा वेळ लोणच्याच्या बरणीत ठेवू कां? रिकामी आहे.

भवानी : लोणच्याच्या! अजून मीठ कमी झालंय त्याला?

सेतुमाधव : मग देवघरातलं तांब्याचं घंगाळ?

भवानी : तुम्ही काही सुचवू नका. तुम्ही उपसा.

सेतुमाधव : भवानी, हा मगात आला!

भवानी : कोण?

सेतुमाधव : रंगा! माझ्याकडं बघतोय.

भवानी : तुम्ही बघू नका त्याच्याकडं. हळूच परत सोडा. हां. आता माठातलं घालतें, थोडं थोडं. अंगावर नको पडायला, बाजूनं. जा रे बाबा खाली. आडवा हो.

सेतुमाधव : तळाचे मिठाचे खडे?

भवानी : वाटीनं काढा. आणि ती मिरी पण. दहा मोजून घ्या.

सेतुमाधव : नऊच सापडतायत.

भवानी : एक देवीला पोचली म्हणायची.

(बाहेर रिक्षा थांबते.)

राघोत्तम : आहे कां कोणी?

सेतुमाधव : या, या राघोत्तमराव! गाडी वेळेवर होती?

राघोत्तम : होती. जमीन ओली आहे.

सेतुमाधव : पुसून घेतली. तुम्ही येणार म्हणून.

राघोत्तम : रंगा कसा आहे?

सेतुमाधव : आडवा! अगदी आडवा आहे हो!

भवानी : बसा अण्णा. कॉफी आणतें.

राघोत्तम : सावकाश, अक्का.

सेतुमाधव : कुंभकोणमला पाऊस?

राघोत्तम : नाही.

सेतुमाधव : भावाची साठी नीट झाली?

राघोत्तम : झाली.

भवानी : घ्या अण्णा.

सेतुमाधव : डिकॉक्शन ताजं आहे. कॉफीची बेरी घरी भाजलेली.

राघोत्तम : हं. अक्का, ही कॉफी…

भवानी : विहिरीच्या पाण्याची आहे. गोडं पाणी सगळं रंगाला दिलं.

सेतुमाधव : भवानी!

भवानी : नक्को, मला जमत नाही लपवायला. मीठ जास्त झालं, अण्णा. ह्यांनी घातलं, ते मला सांगितलं नाही. मी घातलं, ते ह्यांना सांगितलं नाही. रंगा धापा टाकत वर आला. म्हणून अर्धं पाणी बदललं. आता खाली गेलाय, पण बरा आहे कीं दमलाय, मला काय कळतं? तुम्हीच बघा. आणि रागवायचं तर आम्हांवर रागवा. आमच्या पोरीनं त्या पेटीला हातसुद्धा लावला नाही.

सेतुमाधव : चिठ्ठीची मागची बाजू मी वाचली नाही. चूक माझी आहे.

भवानी : बाई गं! हे म्हणाले असं?

राघोत्तम : थांबा. बघू दे. रंगा… ए रंगा. कल्ले सावकाश हलतायत. मिश्या चालू आहेत. वाचेल. उद्या सकाळी अजून थोडं पाणी बदलू. मागं हा टाळा कसला?

भवानी : देवी आल्या होत्या.

राघोत्तम : असू दे मग.

सेतुमाधव : राघोत्तमराव, पत्रिका छापायला द्यायच्या होत्या… त्या…

राघोत्तम : कॉफी आहे कां अजून?

भवानी : ही खारट?

राघोत्तम : तीन वर्षं स्वतः करून पितो. बिनचूक होते. आमच्याकडं मिठाचा असा घोटाळा होत नाही, अक्का. बायको, सकवारबाई, गेल्यापासून मीठ घालणारा एकच हात. दुसऱ्यांदा घालायला घरात कुणी नाही.

भवानी : आणतें अण्णा. पेलाभर आणतें.

राघोत्तम : आणि सेतुमाधवराव, मुहूर्त आपण ज्येष्ठातला धरलाय ना?

सेतुमाधव : हो. शेवटच्या आठवड्यातला.

राघोत्तम : ज्येष्ठ फार लांब आहे. वैशाखातला एखादा बघू या कां?