जानकीकाकूंचा बंद गिझर

आमच्या निखिलला मे महिन्यातही कडकडीत पाण्यानंच आंघोळ लागते, हे आधीच सांगून ठेवतो. ओरगडमच्या कार कारखान्यात नोकरी लागली, म्हणून आम्ही दोघं मित्र नाशिकहून चेन्नईला आलो आणि वेस्ट मांबलमला जानकीकाकूंकडे खोली घेतली. काकू तंजावरच्या मराठी, कडक बाई. पहिल्याच संध्याकाळी निखिलनं गिझरचा नळ सोडला, तर गार पाणी.

"एलिमेंट गेलंय," मी म्हणालो.

"थर्मोस्टॅट असणार," तो म्हणाला.

मेन स्विच बंद करून झाकण उघडलं, मीटर लावला. दोन्ही ठणठणीत. शेवटी सापडलं, आतली एक वायरच सुटली होती. निखिलनं ती घट्ट बसवली, मेन चालू केला, लाल दिवा लागला आणि आम्ही मोठ्या ऐटीत काकूंना बोलावलं.

काकूंनी कपाळाला हात लावला. "अय्यो, ती वायर मीच काढून ठेवली होती. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी उकळतं रे. बंद गिझरात साठून राहिलेलं तेवढंच गार होतं. आमचे हे त्यानंच आंघोळ करतात, आता येतीलच ते."

निखिल चाचरत म्हणाला, "पण काकू, मला गरम पाणी हवं होतं."

"मग थंड पाण्याचा नळ सोडायचा."