डेल्फ्टच्या चौकात एक धडा

– नाही हो, बसा, बसा, जागा आहे, पिशवी घेतो मी मांडीवर. फोनवर ‘पोचल्यावर मिस्ड कॉल देतो’ म्हणालात ना, तेव्हाच ओळखलं मराठी म्हणून. पुण्याचे? – अच्छा, मूळ नागपूर, पुण्यात शिक्षण, आणि आता आर्नहेमला. कॉम्प्युटरच ना? सगळे तेच. आमचा जावईही तेच, आशुतोष, त्याचं ऑफिस अ‍ॅमस्टरडॅमला स्लोटरडाइकला, दिवसभर पडद्यासमोर बसतो आणि संध्याकाळी आम्हाला विचारतो, बाबा आज काय पाहिलंत. घ्या, थालीपीठ घ्या. घ्या हो, लाजू नका, मेथीचं आहे, हिनं पहाटे उठून केलंय. लोणी डब्याच्या झाकणात आहे. नाव काय म्हणालात? राजानंद. बरं. आणि पुढे? ... अच्छा, अच्छा. नाही, सहज विचारलं, आम्ही काही मानत नाही हल्ली. खा तुम्ही.

तर हा समोर नव्या चर्चचा मनोरा – तीनशे शहात्तर पायऱ्या. मी चढणार नव्हतो असं नाही, गुडघे ठणठणीत आहेत माझे, पण हिला चढवत नाही आणि हिला एकटीला खाली सोडून जाणार कसं? म्हणून मुलगी, जावई आणि नात गेलेत वर. वैदेही मुलीचं नाव. नात पाच वर्षांची, मला ओपा म्हणते, इथं आजोबांना ओपा म्हणतात, मराठी कळतं सगळं पण उत्तर डचमध्ये. अकरा वीसला चढायला लागले. वर फोटोबिटो, मग उतरणं – साडेबारापर्यंत खाली येतील. माझा अंदाज चुकत नाही. भूमी अभिलेखात एकतीस वर्षं काढली, सातारा, कराड, वाई, मोजणीला मी गेलो की शेतकरी हद्दीच्या खुंटाला हात लावत नसत. हे शहरसुद्धा बघा, ही वही – पंधरा दिवस लायब्ररीत बसून उतरवलाय नकाशा, हा कालवा, हा पूल, इथं तो राजवाडा, यांच्या राजपुत्राला गोळ्या घातल्या तो, त्या भिंतीत खुणा आहेत चारशे चाळीस वर्षांच्या, तिथं आम्ही दोन वाजता. दोन ते दोन चाळीस. मग जुनं चर्च, त्याचा मनोरा कललेला आहे. सगळं लिहिलंय.

काय म्हणालात? ही? ही म्हणजे प्रमोदिनी – आहे, इथेच आहे. म्हणजे या बाकावर नाही हे दिसतंयच तुम्हाला, विनोदी आहात – इथेच आहे आसपास. तिला मी जरा सोडलंय.

हसू नका, सांगतो. टाउन हॉलच्या मागे शनिवारचा जुना बाजार भरतो कालव्याकाठी, चिनी मातीच्या बशा, दिवे, चाव्या, असलं भंगार. तिथं ही बघत उभी राहते. प्रत्येक गावात उभी राहते. मी दोनदा म्हटलं, चल. तिसऱ्यांदा नाही म्हटलं. एका माणसानं जुन्या खुर्च्या रचल्या होत्या, त्यांच्यामागून मी वळलो, सरळ, आणि कोपऱ्यावर उभा राहिलो. अकरा एकोणतीस. तिनं बशी खाली ठेवली, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं – मग हाका. नाव घेत नाही ती माझं, चौतीस वर्षांत घेतलं नाही, बायका घेतात हो हल्ली, ही नाही. आता तुम्हीच सांगा, एवढ्या मोठ्या बाजारात नुसतं ‘अहो, अहो’ करून कोण वळणार? दोघं-तिघं गोरे हसले, एका म्हातारीनं हात हलवला. मला तर पोट धरून हसायला आलं.

का म्हणजे? शिस्त. नवीन नाही हे. म्हैसूरला राजवाड्याच्या दारात वीस मिनिटं, जयपूरला पाऊण तास – रडत होती जयपूरला, मुलं लहान होती, वैदेही माझ्या कडेवर, तिला मी सांगितलं, गप्प, आईला हाक मारायची नाही, आपण गंमत करतोय. मारली नाही तिनं. शहाणी मुलगी. आणि नंतर सहा महिने ही माझा सदरा धरून चालायची, कुठेही. धडा उतरतो तो असा. सांगून नाही उतरत.

आणखी एक घ्या. तीन आहेत अजून.

आता ही इथं आल्यापासून बिघडली. दोन महिने झाले. नातीला शाळेत पोचवते, एकटी. येताना दूध-पाव आणते, एकटी. दुकानातल्या मुलीला ‘दांक यू वेल’ म्हणते, म्हणजे थँक्यू – एका रात्रीत शिकली – आणि वैदेही टाळ्या वाजवते, आई बघा कशी. ठीक आहे, मलाही कौतुक आहे. पण माणसानं आपली पायरी – बरं, जाऊ द्या. मागच्या बुधवारी मी फिरायला निघालो, अ‍ॅम्स्टलव्हेनला मुलीच्या घराजवळच्या त्या गल्ल्या सगळ्या सारख्या, घरं सारखी, खिडक्यांत तीच ती फुलं, कालवेही सारखे, आणि तिथं सूर्य नव्हता, ढग होते, सूर्य नसेल तर कुणालाही – कुणालाही, मोजणीखात्यातल्या माणसालाही – म्हणजे रस्ता चुकला असं नाही म्हणणार मी, मी रस्ता तपासत होतो. दीड तास. तर ही आली शोधत. छत्री घेऊन. म्हणाली, घर मागच्याच गल्लीत आहे हो, चला. एवढंच म्हणाली तिथं. पण रात्री जेवताना सांगितलं. सगळ्यांसमोर. ‘तुमचे बाबा आज हरवले होते, बाकावर बसले होते बिचारे.’ बिचारे! जावई हसला. पोळी तोंडात असताना हसला. नात ‘ओपा हरवला, ओपा हरवला’ करत टेबलाभोवती फिरली, मराठीत, बघा, तेवढं बरोबर आलं मराठीत. आणि ही पदर तोंडाला लावून – मला वाढताना सुद्धा हसतेय.

त्या रात्री मी वही काढली. मी फक्त तारीख लिहून ठेवतो.

थांबा – खाली बघा. खाली बघा, तिकडे नको. ती पोपटी साडी, वरून स्वेटर, पायात पांढरे बूट. तीच. दुसऱ्यांदा येतेय चर्चच्या दारापाशी. आपण या पुतळ्यामागे आहोत, दिसत नाही तिला. बघितलंत, त्या तिकीटवाल्याशी काय हातवारे चाललेत? उंची दाखवतेय. आता ओठावर बोट – मिशी. आता डोक्यावर – टोपी. माझी टोपी. कळतंय का तुम्हाला? तिला वाटतंय मीच हरवलोय! ती स्वतः हरवली असं वाटतच नाहीये तिला! सरळ इथं मनोऱ्याखाली बसली असती, मुलगी उतरणारच आहे; पण नाही, बुधवारपासून डोक्यात बसलंय की याला रस्ते कळत नाहीत, आता गावभर फिरून मला शोधणार. गेली. गेली ना? फिर म्हणावं. फिर.

घाम? ऊन आहे हो. आपल्याकडच्या माणसाला या स्वेटरात घाम येणारच. हात थरथरत होते का? माझं लक्ष नव्हतं. ते तिला होतं तसं मधूनमधून, साखर आहे ना तिला. गोळी असते जेवणाआधी, गोळी घेतली की अर्ध्या तासात खायला लागतं. आज सव्वाअकराला घेतली, माझ्या घड्याळानं, मीच देतो, तिच्या ताब्यात नाही देत गोळ्या. म्हणजे पावणेबाराला खायला हवं होतं. आता – बारा बारा.

का थांबलात? खा की. हो, तिचंच आहे, मग कुणाचं असणार? माझ्याकडे पिशवी असते नेहमी, ती कुठंही विसरते. नाही, पैसे नसतात तिच्याकडे, तिला कशाला लागतात पैसे, मी असतो ना बरोबर.

बसा. राजानंद, बसा म्हणतो ना. तुम्ही तरुण आहात, लग्न झालंय? नाही ना? मग. अजून दहा मिनिटं. दहा मिनिटांनी मी स्वतः उठून जाणार आहे, त्या बाजूनं, आणि तिच्या खांद्यावर हात ठेवणार, आणि म्हणणार, काय गं, कुठं हरवली होतीस? की ती ‘चुकलं माझं’ म्हणते. जयपूरला म्हणाली होती. मग खायला द्यायचं. खाताना बोलत नाही मी तिला काही, तेवढी माणुसकी आहे माझ्यात. आणि संध्याकाळी जेवताना मी सांगणार सगळ्यांना – आज तुमची आई हरवली होती. बस. फिट्टंफाट.

एकच काम करा माझं. मुलगी आधी उतरली तर तुम्ही सांगायचं, मीच काकांशी बोलत बसलो, गप्पांत लक्ष राहिलं नाही, तेवढ्यात काकू पुढे गेल्या. यात खोटं काय? बोलतच बसलोय आपण. मी सांगितलं तर पटत नाही तिला हल्ली, माझ्याकडे अशी बघते की – परक्या माणसानं सांगितलं की पटतं.

एक मिनिट. फोन. हा जावयानं दिलेला – कुठलं बटण – हां, हां वैदेही! बोल. पोचलात वर? वारा आहे ना? ... आई? आहे ना. आहे की, इथेच आहे, माझ्याजवळ बसलीय, हा काय तिचा हात माझ्या हातात. खातेय. थालीपीठ खातेय ... नको, देत नाही, तोंडात घास आहे तिच्या, तू उतर सावकाश, पोरीचा हात धर ... काय? ... कुठला पूल? ... कॅमेऱ्यातून काय कळतं एवढ्या उंचावरून, पोपटी साड्या शंभर असतील – बरं, नसतील, पण ... खाली बसवलंय म्हणजे? कोणी? ... ज्यूस देतायत ना, मग झालं, शुद्धीवर आहे ना ... मी कुठं? मी – अगं, मी आत्ता, हा निघालोच होतो ... कधीपासून? तू कधीपासून बघतेयस? ... वैदेही, ती गंमत होती. जयपूरचं काय आत्ता मध्येच, तू केवढीशी होतीस, तुला कसं – ... हॅलो? ... हॅलो?

ठेवला.

द्या तो डबा. झाकण लावा. नाही, तुम्ही नका येऊ, काही गरज नाही, मी नेतो, माझी बायको आहे. आणि वैदेही उतरली, तिनं काही विचारलं, तर आपण भेटलेलो नाही. निघा तुम्ही. त्या बाजूनं निघा, भिंतीकडेनं – निघा म्हटलं ना! – आणि वर बघू नका. वर बघू नका हो.