रोलरवर घालू नका

—नाही हो, ती पांढरी नाही, तिच्यामागची. निळी. बसकी. हां, तीच. बसा ना आशाताई, इथे एसीखाली बसा, तुमच्या मॅडमचं काउंटरवर चाललंय अजून. बरं वाटलं बाई, शारजात गाडीच्या पासिंगला येऊन मराठी माणूस भेटलं. मघाशी पायरीला ठेचकाळलात आणि ‘आई गं’ म्हणालात ना, तेव्हाच म्हटलं, ह्या आपल्याकडच्या. आता तुम्ही म्हणाल, नवरा सोडून बायको कशी आली गाडी घेऊन? तर त्याचं असंय—बायकांची लाइन इकडे वेगळी. पुरुष तिकडे उन्हात तिष्ठत, आणि आपल्याला ‘यल्ला, चला मॅडम, आधी तुम्ही’. म्हणून आमच्या अल नहदातल्या बिल्डिंगमधले झाडून सगळे नवरे दरवर्षी पासिंगला बायकांना पाठवतात. शैलेंद्र आज रास अल खैमाला, त्याच्या सिमेंट फॅक्टरीत. जाताना किल्ली दिली हातात. पहिल्यांदा! गाडी घेतल्यापासून पहिल्यांदा! एरवी म्हणतो, ‘विभा, क्लच जड आहे, तुला नाही झेपायचा.’ लायसन्स आहे हो माझ्याकडे—चार वेळा फेल होऊन मिळालं, पण मिळालं ना? आणि शुभ्राला बरा झेपायचा तो क्लच. चवळीची शेंग नुसती!

शुभ्रा? शुभ्रा म्हणजे त्याच्या ऑफिसातली. नाशिकची. गाडी तिचीच ही. कॅनडाला जाताना ह्याला देऊन गेली—देऊन म्हणजे विकून, रीतसर, उगाच गैरसमज नको. तसलं काही नव्हतं हो त्यांच्यात. मी कधी विचारलं नाही, म्हणजे नसणारच. शुक्रवारी सुट्टीला आम्ही सगळे हत्ताच्या डोंगरात जायचो—ती चालवायची, हा शेजारी, आणि मी मागच्या सीटवर गुडघे पोटाशी घेऊन, आभाला मांडीवर धरून. पुढे दोघांचं टर्बो काय, वळणावर पकड काय, आणि मागे मला मळमळतंय, ते कोणाच्या गावीही नाही. एकदा म्हटलं, जरा हळू चालवा, तर दोघं एकदम हसली. एकदम हो! एकट्यानं हसला असता तर मी विसरलेही असते. आमची आभा अजून म्हणते, ‘ममा, शुभ्रा आंटी ड्राइव्ज सो मच बेटर.’ पोटची पोर माझी! आता ती नाही, तर दर शुक्रवारी सकाळी हा पार्किंगमध्ये. गाडी धुवावी, नाही कोण म्हणतं? पण टूथब्रशनं? आरशाला तिनं बांधलेली मण्यांची माळ तशीच लटकतेय. काढ म्हटलं तर म्हणतो, असू दे, शोभते. आज येताना सिग्नलला तोडली मी ती. गेले मणी सीटखाली. बसू दे शोधत.

काय सांगत होते? हां, रोलर. निघताना मला शंभरदा बजावलंय—‘विभा, बाकी काही बोलू नकोस, एवढंच सांग, फोर-व्हील आहे, रोलरवर घालू नका.’ ते बघा ना काचेतून, जमिनीत लोखंडी रूळ फिरतायत ते. ब्रेक बघतात त्याच्यावर. साध्या गाडीची पुढची दोन चाकं चढवतात आणि फिरवतात, मागची आपली गप्प उभी. हिची चारही एकमेकांना जोडलेली. पुढची फिरायला लागली आणि मागची जमिनीवर अडकली, की आतला गिअरबॉक्स खलास. आणि नवा मिळायचा नाही, इतकी जुनी झालीये ती. युसुफ मेकॅनिकनं रास अल खोरचं सगळं भंगार पालथं घातलं त्यासाठी. म्हणून हिला बाहेर चालवून ब्रेक बघायचे असतात.

सांगितलं का? —नाही. अहो, त्या टेस्टवाल्यानं विचारलंच नाही! किल्ली मागितली, मी दिली. नवीन दिसतोय तो माणूस. मी काय मेकॅनिक आहे? विसरले म्हणेन. लगेच पटेल शैलेंद्रला, माझ्याबद्दल असलं काहीही लगेच पटतं त्याला. —अशा बघू नका हो माझ्याकडे. माणूस नाहीये ती, गाडी आहे. जळते मी, हो, जळते! तुमचा नवरा आहे गावी, तुम्हाला नाही कळायचं. किंवा तुम्हालाच कळेल.

ओरडणार नाही बघा तो. ओरडला तर बरंच होईल. तो आपला पार्किंगमध्ये जाईल आणि बॉनेटवर हात ठेवून उभा राहील. माझे बाबा गेले तेव्हा सगळं केलं हो त्यानं—तिकीट, बॅग, माझ्या भावाला फोन. डोळ्यांत टिपूस नाही. आणि ती कॅनडाला गेली त्या दिवशी एअरपोर्टवरून आला, तो सरळ बाथरूममध्ये. नळ सोडून बसला. मी दाराबाहेर टॉवेल घेऊन उभी. नळाच्या आवाजात ऐकू येत नाही असं वाटतं ह्या लोकांना. हे कोणाला सांगितलेलं नाही मी, आणि तुम्हालाही सांगितलेलं नाही, काय?

आता ही बंद पडली की पुन्हा तेच. पुन्हा नळ. मग कॅनडाला फोन—‘शुभ्रा, तुझी गाडी गेली.’ ती तिकडून समजूत घालणार ह्याची, तासन् तास. आणि युसुफकडे हिच्याखाली जाऊन पडणार तो, प्रत्येक सुट्टीला. मी जेवणाचा डबा पाठवायचा! —अगंबाई, घेतली की पुढे. आशाताई, सरका, सरका जरा, दार उघडू दे—भाईसाब! ओ भाईसाब, रुकिए! रोलर पे नहीं! फोर-व्हील है, फोर-व्हील! बाहर चलाके देखो, बाहर!

…काही नाही. थांबवली त्यानं. टेकलीच होती चाकं. घेऊन गेला बाहेर.

…काय म्हणाला? म्हणाला, मॅडम, अच्छा हुआ बोल दिया, साहब लकी हैं. लकी! —हो, झाली ना, पास झाली. ब्रेक एकदम फर्स्ट क्लास म्हणे.

आणखी एक वर्ष राहणार घरात. —तुमची मॅडम बोलावतेय. जा तुम्ही. जा हो.