सर बोलायला लागले की

नको, नको, तू काही बोलू नकोस. ‘सर, कसं वाटतंय’ नको, ‘कधीपासून दुखतंय’ तर नकोच नको — ते सगळं लेकीनं बाहेर तुझ्या काउंटरवर सांगून झालंय, तिखटमीठ लावून. तू आपलं काम कर, दोघांच्या वाटचं मी बोलतो. आणि तो स्क्रीन तिकडे वळव बघू. हो, पूर्ण. मला दिसता कामा नये. जन्मभर लोकांच्या पोटात डोकावलो, आता स्वतःच्या पोटात डोकावायची हौस नाही मला — दिसलं की मी शिकवायला लागणार, प्रोब असा धर, तसा दाब, आणि तू मनात म्हणणार, म्हातारा रिटायर झाला तरी खोड काही जात नाही. हसलीस ना? हस, पण मुक्यानं. अरे वा, जेली कोमट आहे. बाटली गरम पाण्याच्या भांड्यात ठेवतेस अजून? शाबास. एवढं एक जरी उचललं असशील तरी माझी शिकवणी फुकट गेली नाही.

काय यंत्र आहे गं हे, हूं की चूं नाही. माझं पहिलं सोनोग्राफीचं यंत्र कपाटाएवढं होतं, आणि घुमायचं असं की पेशंट विचारायचे, डॉक्टर, हे फुटणार तर नाही ना? खोली दिली होती तळघरात, शेजारी धुण्याच्या चादरींचे ढीग. आणि चित्र म्हणजे काय — नुसतं धुकं. सर्जन लोक म्हणायचे, हा बसलाय धुक्यात भविष्य बघत. म्हणू देत. मी काय करायचो, त्यांच्या ऑपरेशनला जाऊन कोपऱ्यात उभा राहायचो, कुणी बोलावलेलं नसताना — पोट उघडलं की बघायचं, आपण सांगितलं ते तिथंच आहे का, तेवढंच आहे का. चुकलो असलो तर मान खाली घालून परत तळघरात. असं करत करत हात बसला. मग तेच सर्जन स्वतः जिना उतरून खाली यायला लागले — आधी तू बघ, मग मी सुरी लावतो. लिव्हरवर आलीस ना? थांब, मोठा श्वास घेतो. — सोडू? मान हलवलीस, म्हणजे सोडला. लिव्हर चांगलं असणार माझं. आयुष्यात कुठलं व्यसन केलं नाही, कामातून सवडच झाली नाही.

माझ्या निरोपसमारंभाला तू नव्हतीस, तुझं बाळंतपण होतं. काय भाषणं झाली म्हणून सांगू. जो उठला तो एकच — सर कामात पक्के, पण बोलायला त्याहून गोड. एक बाई तर माइक सोडेनात. म्हणाल्या, माझ्या यजमानांना सरांनी त्यांच्या सायकलच्या दुकानाबद्दल इतकं विचारलं, इतकं विचारलं, की घरी जाईपर्यंत हे दुकानाबद्दलच बोलत होते, किती खुश होते. टाळ्या पडल्या. मी खुर्चीत घामानं निथळतोय. कारण ते यजमान त्यानंतर फार दिवस नव्हते, आणि सायकलच्या चाकाचे आरे कसे ताणतात ते त्यांना विचारताना मला ते ठाऊक होतं. ज्यांना काही झालेलं नसायचं त्यांच्याशी मी एक अक्षर बोलत नसे गं. पोट पुसा, उठा, संपलं. ती माणसं समारंभाला आलीच नव्हती. आली असती तर म्हणाली असती, कोण हा घुम्या? तुला हे नवीन नाही म्हणा. तुम्ही पोरं पाठीमागे काय कुजबुजायचात ते ऐकू यायचं मला — सर बोलायला लागले की समजायचं.

ते सुरू झालं एका गवंड्यापासून. उमेदीतली वर्षं होती माझी. धडधाकट माणूस, हात असे फावड्यासारखे, आणि लिव्हरमध्ये बघतो तर — जाऊ दे. त्यानं स्क्रीनकडे बघितलंच नाही, माझ्या तोंडाकडे बघत होता. पेशंट तेच बघतात, स्क्रीनवरचं त्यांना काय कळणार? आणि माझं तोंड उतरलेलं मला आतून कळत होतं. काय करू, काय करू — विचारलं त्याला, काय हो, जिना कसा बांधतात? उगीच, सुचलं ते. तो जो खुलला! पडल्यापडल्या अथपासून इतिपर्यंत जिना सांगितला त्यानं, हवेत हात करून करून, आणि तेवढ्या वेळात मी माझं तोंड जाग्यावर आणलं. कसा बांधतात ते राहू दे, तुला कशाला हवाय जिना. तेव्हापासून ते माझं हत्यारच झालं. लोक म्हणाले माया. असेलही माया, पण पहिल्यांदा ती माझी सोय होती.

हे काय, पाणी? आण. गॅस असतील, गॅसमागं पॅनक्रियाज दिसत नाही, पोट पाण्यानं भरलं की मागचं दिसतं. मीसुद्धा पाजायचो लोकांना. अजून एक ग्लास? बरं.

काकू तुला आठवतात ना, आमची ही? सुरुवातीची काही वर्षं बाहेरच्या टेबलावर तीच बसायची. आतून माझा आवाज यायला लागला की ती पुढच्याला सांगायची, जरा वेळ लागेल, आणि आतल्या पेशंटबरोबर आलेल्या माणसाला आपल्याजवळच्या खुर्चीवर बोलावून घ्यायची. मी सांगितलं नव्हतं. तिचं तिला उमगलं. आणि तिच्यावर वेळ आली तेव्हा मीच बघितलं, दुसऱ्या कुणाच्या हातात देणार? मनाशी ठरवून बसलो, काही दिसो, तोंड उघडायचं नाही. नाही उघडलं. आणि तीच बोलायला लागली. पडद्यांचं. बाहेरच्या खोलीतले पडदे विटलेत, निळे घेऊ या की करडे, करड्यावर डाग दिसत नाहीत पण खोली उदास होते, शिवायला कुणाकडे टाकू या — थांबेचना. एवढी बोलणारी बाई नव्हती गं ती. मी आपला हूं, हूं करतोय. रात्रभर विचार केला, हिला कळलं कसं? तर माझा हात. तोंड गप्प बसवलं, पण हात परत परत एकाच जागी जाऊन थांबत होता, ते तिला पोटावर कळत होतं. आणि कळल्याबरोबर ती मला सांभाळायला लागली, मी लोकांना सांभाळायचो तसं. निळे आणले शेवटी. अजून तेच आहेत. लेक म्हणते बदलू या, मी बदलू देत नाही.

आता तू म्हणशील, सर, तुम्हीही आल्यापासून बोलताय. छे, माझं वेगळं. लेक दिवसभर कामावर, घरात बोलायला माणूस नाही, मिळालं की बोलून घेतो. पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं ते जेवण कमी झालंय म्हणून. पाठीत कळ येते ती गादीची. इतकी वर्षं या धंद्यात काढली, मला काय स्वतःचं कळणार नाही — कळतं. म्हणजे, कळलं असतं. म्हणून तर यायला टाळाटाळ — नाही, टाळाटाळ नाही, सवड नव्हती.

तिथलं झालं ना बघून? मघाशी बघितलंस. पाण्यानंतर बघितलंस. बरं, बघ, मीच शिकवलंय, शंका असली की परत जायचं. ती बटणं मात्र ऐकू येतात हं मला. हे चित्र थांबवायचं. हे मोजायचं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मोजू दे, चांगलंही मोजतातच की आपण. तू बोलत नाहीयेस, माझ्या लेखी तेवढं पुरे. तू गप्प आहेस तोवर मी निर्धास्त. माझ्या हाताखालची पोर आहे, काही असतं तर एव्हाना तिनं काहीबाही विचारलं असतं —

काय?

काय म्हणालीस?

जिना. गवंड्यानं कसा सांगितला, ते.

बरं. चांगलं विचारलंस. मीही हेच विचारलं असतं. आणि चेहरा तयार झालाय हं तुझा, त्यावर काही दिसत नाही. सांगतो, सांगतो. आधी म्हणाला, खालच्या फरशीपासून वरच्या फरशीपर्यंतची उंची घ्यायची, अख्खी. मग तिचे सारखे भाग करायचे. पायरी थोडी उंच झाली तरी चालतं, पायाला सवय होते, पण सगळ्या एकसारख्या पाहिजेत — एखादी बोटभर जरी कमीजास्त झाली तरी माणूस नेमका तिथंच पडतो. असा हात करून दाखवत होता तो, असा — नाही, लेकीला आत्ता नको बोलावू. बसू दे बाहेर. आधी जिना पुरा होऊ दे.