इम्पेलरची दोन पाती

हे सांगायचं मी अकरा वर्षं टाळलं, ताई. बायको होती तेव्हा तिले नाही सांगितलं, पोरीले नाही, विहारातल्या कोणाले नाही. मागच्या खेपेस तुम्ही चौबे कॉलोनीतून एवढ्या उन्हात जुन्या आठवणी लिहून घ्यायले आल्या, मी तुम्हाले रेल्वेच्या अन् या जुन्या गुढियारी वस्तीच्या गोष्टी सांगत बसलो, तुमची वही भरली, तुम्ही गेल्या, अन् मी दारात उभा राहून मनात म्हटलं, जे सांगायचं होतं ते राहिलंच. आज बसा. मी मधात उठलो तर उठू द्या, मले एका जागी बसवत नाही, पण परत येऊन बसीन.

आमचं मूळ भंडाऱ्याकडचं. बाप रेल्वेत खलाशी होऊन रायपूरले आला अन् इथलाच झाला. मी या पाऱ्यात, याच मोहल्ल्यात जन्मलो, घरात मराठी, गल्लीत छत्तीसगढी, शाळेत हिंदी. बापाले वाटे मी रेल्वेत लागावं, पण माझा नंबर लागला नाही, मग डिझेल इंजिनाच्या वर्कशॉपात गेलो. ट्रक, जनरेटर, शेताचे पंप, जे येईल ते खोलायचं. चाळीस वर्षं तेच. मले कोणतंही मशीन कोरडं चालताना ऐकवत नाही, आता तो कूलर पाहा कसा आवाज करून राहिला, थांबा, पाणी टाकून येतो.

हं. तर वर्कशॉप सुटलं तेव्हा धरणावरच्या एका बोटीच्या कंपनीनं मले बोलावलं. इथून बसनं दोन तास. पर्यटकांची मोठी नाव होती, चाळीस माणसं बसत, पोटात डिझेल इंजिन. आता नावेचं इंजिन थंड कसं राहते ते ऐका, नाहीतर पुढचं समजणार नाही. नावेच्या बुडाले एक कॉक असते, पाण्याची तोटी. तो खोलला की तलावाचं पाणी आत येते, पंप ते ओढते, बारीक नळ्यांच्या पेटीतून फिरवते, इंजिन थंड करते, अन् तेच पाणी धुरासंगं मागून बाहेर थुंकते. त्या पंपात रबराचं एक चक्र असते, बोटांसारखी बारा पाती असलेलं, त्याले इम्पेलर म्हणतात. सगळा खेळ त्या रबराचा. कॉक बंद ठेवून इंजिन चालू केलं तर ते कोरडं घासून दोन-चार मिनिटांत जळते, तुकडे तुकडे होते. सीझन संपला की ते काढून ठेवायचं, नाहीतर पाती वाकलेली तशीच राहतात. नवं बसवताना ग्रीस नाही लावायचं, ग्रीस रबर खाते, ग्लिसरीन लावायचं, साबणाचं पाणीही चालते.

अन् सगळ्यात मोठी गोष्ट, जुनं काढलं की पाती मोजायची. जेवढी तुटली तेवढे तुकडे सापडले पाहिजेत. मी पेपर पसरून त्यावर तुकडे जोडून पाहायचो, बाराच्या बारा जागेवर बसले की मगच झाकण. काहून की तुटलेलं पातं पाण्यासंगं पुढं जाते अन् नळ्यांच्या तोंडाशी बसते. हे मीच सगळ्यांले शिकवून राहिलो होतो.

तिथं रामाधार होता, नाव चालवणारा. केवट माणूस, धरण व्हायच्या आधी त्याचा बाप त्याच नदीवर बांबूनं नाव ठेलायचा. इंजिन त्याले मी शिकवलं. मले मिस्त्री भैया म्हणे. मी त्याले सांगितलं होतं, कॉक खोलला की तोंडानं बोलायचं, मनात नाही, मोठ्यानं, म्हणजे हात विसरला तरी कान विसरत नाही. तो रोज खाली वाकायचा, कॉक फिरवायचा, त्याले हात लावून कपाळाले लावायचा अन् ओरडायचा, खुलला म्हणून, खुल गे! पर्यटक हसत. एक बाई एकदा म्हणाली, भैया, किससे बोल रहे हो? तर म्हणे, तरिया से, दीदी, पूछकर पानी लेता हूं. तरिया म्हणजे तलाव. असा माणूस. अन् मले चिडवायचा, मिस्त्री भैया, तुम्ही पाण्यावर एवढं काम करता अन् तुम्हाले पोहता येत नाही, नाव बुडली तर मी पहिले इंजिन काढीन, मग तुम्हाले.

सीझनच्या पहिल्या आठवड्यात मी इम्पेलर बदलायले गेलो. जुनं खोललं तर सहा पाती तुटलेली. पेपरवर चार जुळली. दोन नाही. पुढचा पाइप खोलून, पेटीचं तोंड काढून पाहायले दीड-दोन तास लागले असते, अन् दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या धाकट्या पोरीले पाहायले नागपूरचे पाहुणे येणार होते, मले शेवटची बस पकडायची होती. काय सांगू तुम्हाले, मी त्या पेपरकडे पाहत उभा होतो अन् मनात म्हणत होतो, गेली असतील धुरासंगं बाहेर. नवं बसवलं. झाकण लावलं. कंपनीच्या कागदावर लिहिलं, इम्पेलर बदलले, लाइन साफ, म्हणजे पाइपात काही अडकलेलं नाही. सही केली. बस भेटली. पोरीचं जमलंही. चांगलं चाललं आहे तिचं, देवा शपथ, म्हणजे आमच्यात तसं म्हणत नाहीत, पण तोंडात बसलं आहे.

पंधरा दिवसांनी फोन आला, नाव फेरीच्या मधात, उथळ गवताळ पाण्यात बंद पडली. इंजिन तापून जाम. तापमानाचा काटा तर कधीचा बंद होता, मी सांगून थकलो होतो. वाफ भरली, लोक ओरडले, लेकरं रडली, एका म्हाताऱ्या बाईचा पडून हात मोडला. रामाधारनं काय केलं, इंजिन बंद केलं अन् पहिले बुडाचा कॉक बंद केला, काहून की मीच शिकवलं होतं, गडबड झाली की पाण्याचं तोंड आधी बंद करायचं. मग बांबू घेऊन बापासारखी ती जड नाव काठाले आणली. मॅनेजर आत उतरला, पाहतो तर कॉक बंद. झालं. म्हणे, यानं कॉक खोललाच नाही.

मी पोहोचलो. पहिले पंप खोलला. ताई, इम्पेलर नवाचा नवा होता. ओला, काळा, बाराच्या बारा पाती. कॉक बंद असता तर तिथं जळलेला भुगा राहिला असता. मले तेव्हाच समजलं. मग पेटीचं तोंड काढलं, तर नळ्यांवर माझी दोन पाती आडवी बसलेली, अन् त्यांच्यामागं तलावाचं गवत गच्च. गवत फेकलं. पाती खिशात टाकली. हात आपोआप गेला, मी सांगितलं नव्हतं त्याले.

वर आलो तर मॅनेजर खुर्चीवर, रामाधार समोर उभा, ओल्या पँटीनं. म्हणत होता, साहेब, मैंने खोला था, बाद में बंद किया, मिस्त्री भैया से पूछ लो. मॅनेजरनं मले विचारलं, मिस्त्री, कॉक बंद राहिला तर इंजिन असं जाम होऊ शकते का? मी म्हटलं, होऊ शकते. एवढंच. होऊ शकते. ते खरंच होतं. अन् रामाधारनं माझ्याकडे पाह्यलं, रागानं नाही, जसं पोट्टं मास्तरकडे पाहते, की मास्तर म्हणतात तर असंन.

त्याले काढलं. घाटावर त्याची थट्टा सुरू झाली. चहाच्या टपरीवर, बाजारात, कुठंही, कस रे रामाधार, कॉक खोले हस, खोलला का? लहान लेकरंही म्हणत. तो मासळी विकायले बसला.

मी दर रविवारी विहारात जातो, पंचशील म्हणतो, अन् चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं, की मले खोकला येते. लोकांले वाटते विडीचा आहे. विडी मी सोडून किती वर्षं झाली. मी मनाशी भांडलो, की मी कुठं खोटं बोललो, मी तर बोललोच नाही. पण सही होती ना. लाइन साफ. ते काय होतं मग? थांबा, नळ टपकून राहिला वाटते. नाही, बंद आहे. बसतो.

मागच्या हिवाळ्यात गेलो मी त्याच्याकडे, पाती खिशात घेऊन. बायकोनं त्याच्या पाट मांडला, मासळी अन् भात वाढला. मी म्हटलं, रामाधार, त्या दिवसाचं बोलायचं आहे. तर तोच म्हणाला, भैया, मैंने बहुत सोचा, मैं ही भूल गया था. बोला होगा खुल गे, पर हाथ ने नहीं खोला होगा. मोर हाथ के का भरोसा. आपने उस दिन मेरे खिलाफ कुछ नहीं कहा, वो मैं नहीं भूलता. बायको हसून म्हणे, आता हे गॅसचं बटन तीन-तीन वेळा पाहतात, दाराची कडी लावून अर्ध्या रस्त्यातून परत येतात, मासळीचं वजन दोनदा करतात, गिऱ्हाईक कंटाळून जाते. तोही हसला. मी भात खाल्ला. पाती मांडीले टोचत होती, खरं तर रबर टोचत नाही, पण टोचत होती. अन् मी तसाच परत आलो.

आता काहून सांगून राहिलो म्हणाल. मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला. घाटावर नवीन ठेकेदार आला आहे, नवी नाव आली आहे, अन् त्यानं रामाधारले बोलावलं, चालवशील का म्हणे. तर हा मले विचारते, भैया, नहीं बोल दूं क्या? चालीस लोग बैठते हैं, मेरे हाथ से फिर भूल हो गई तो? अन् मी म्हटलं, तुझी मर्जी. तुझी मर्जी म्हटलं मी, ताई. एवढं सोपं करून दिलं त्यानं, अन् मी तुझी मर्जी म्हटलं. तेव्हापासून झोप नाही, जेवण नाही, या खोलीत नुसता चकरा मारतो.

म्हणून हे लिहा. तारीख मले आठवत नाही, कागद कंपनीकडे असंन नसंन, पण पाती ही पाहा, या चुन्याच्या डबीत. घ्या हातात. अजून लवतात. याचं हिंदी करून द्या, मी खाली सही करतो, ती पहिली सही खोटी होती, ही खरी. टपरीवाल्याले द्या, ठेकेदाराले द्या, ज्यानं ज्यानं त्याले कॉक विचारला त्या सगळ्यांले वाचून दाखवा.

पण ते कागदाचं झालं. त्याले मीच सांगायले पाहिजे, हे मले समजते. आज सकाळी तुम्ही यायच्या आधी फोन लावला. वाक्य पाठ केलं होतं, त्याच्याच बोलीत, ‘तू’चं तैं अन् ‘मले’चं मोला करून, गल्लीत येरझारा मारत. त्यानं उचलला, हव भैया, बोलव. मागं बाजाराचा गलका. मी म्हटलं, तब्येत कशी आहे? म्हणे बने हे, बरी आहे. मी म्हटलं, धरणात पाणी किती आहे? म्हणे बहुत उतरे हे. पाठ केलेलं वाक्य तोंडाशी आलं अन् मी म्हटलं, हं. तो म्हणे, भैया, गिऱ्हाईक खड़े हे, रखत हंव. अन् ठेवला.

फोन कानालेच होता माझ्या. मग म्हटलं मी, मोठ्यानं, जसं मीच त्याले शिकवलं होतं. रामाधार, कॉक तैं खोले रहे. मोला माफ कर दे.