कासरा सोड, पिराप्पा!

...आणि म्हणे घाबरू नको! अहो, कामून घाबरू नको? विमानाला इंजिन नाही, खाली बीदरचा तांबडा माळ, वर चैताचं ऊन, हवा अशी उधळलेली की विमान एकीकडं आणि मी दुसरीकडं! आणि मागच्या जागेवर आमचे उस्ताद किशनराव काय म्हणावेत? ‘‘बरं हाय की!’’

तुम्हाला सांगतो, मी लाजरा माणूस. चौथीत शाळा सोडली, चारचौघांत तोंड उघडत नाही. निजामाचं राज्य गेलं, मग बीदरच्या मैदानावर ग्लायडरचा क्लब निघाला, तिथं दोर ओढून आणायच्या कामाला लागलो, आणि किशनरावांनी एक दिवस मलाच आत बसवलं. यंत्रानं दोर खेचायचा, विमान पतंगासारखं वर चढतं, मग दोर सोडायचा, पुढं आपण आणि हवा! सकाळच्या शांत हवेत जमायचं हो. पण दुपारी? दुपारी मी नुसता दगड! त्यात आमच्या मुडबी गावाहून वडील आले, आमचे अप्पा, धुळाप्पा. पूर्वी मेंढरं राखायचे, आता शेती. म्हणाले, ‘‘पुरे झालं पाखरू व्हनं. नांगरटीला माणूस न्हाई. आज तुझं मास्तर, जमलं म्हणले तर ऱ्हा, न्हाई तर सांजच्या मोटारीनं घरी चल!’’ आणि घोंगडं टाकून बसले की बाभळीखाली, बघायला!

तर वर गेलो. एक घार गिरक्या घेत होती, म्हणजे तिथं हवा वर चढणारी, तिच्याखाली शिरलो, आणि रेड्यानं ढुशी द्यावी तसं विमान वर! लगेच धाडकन खाली! आता सांगा, बैल उधळले तर मुडबीचा माणूस काय करील? कासरा ओढील! मी विमान हाकायचा दांडा दोन्ही हातांनी छातीशी ओढला, पाय रोवून... नाक आभाळाकडं, वेग गेला, वाऱ्याची शीळ बंद! ती शांतता... मसणवाट्यात तरी किडे किरकिरतात हो!

‘‘किशनराव, मेलो!’’

‘‘बरं हाय की! पण बैल न्हाई हे, पिराप्पा. ओढलास तर थांबत न्हाई, पडतंय. कासरा सोड.’’

दांडा पुढं केला, शीळ परत आली. पुन्हा ढुशी, पुन्हा मी ओढला! माणूस चिडेल की नाही? नाव नाही! उलट जेवायला बसल्यासारखे विचारतात, ‘‘का रे, चिटगुप्प्याच्या बाजारात औंदा मिरची कसली आली?’’

मिरची? इथं? पण उस्तादांनी विचारलं, सांगायला नको? सांगायला लागलो. लांबट आली, तिखट कमी, शेजारच्या गुरुबाईनं तर दुकानदाराच्या तोंडावर फेकली... आणि सांगता सांगता बघतो तर दोन ढुश्या येऊन गेलेल्या, आणि दांडा माझ्या दोन बोटांत! विमान आपलं डुलत चाललंय! काय माणूस हो! शिकवलं कधी तेच कळू दिलं नाही. मग मीच, तुम्हाला सांगतो, मी, म्हणालो, ‘‘त्या घारीखाली परत जाऊ का?’’

‘‘बरं हाय की!’’

उतरलो. किशनराव थेट बाभळीखाली. ‘‘धुळाप्पा, उद्या पोरगं एकटं उडणार.’’

अप्पांनी मला खालीवर न्याहाळलं. ‘‘लई वर गेल्तास.’’

‘‘व्हय, अप्पा.’’

‘‘मंग पोचलास कुठं?’’

‘‘कुठं न्हाई. इथंच.’’

अप्पा वर त्या घारीकडं बघत बसले. माझा जीव आता खरा टांगलेला! शेवटी घोंगडं झटकून उठले. ‘‘ऱ्हाऊ द्या मास्तर ह्याला. मेंढरू चुकलं तर रानभर हुडकावं लागतंय. हे आपलं आपण माघारी यायलंय!’’

झालं! एवढा आभाळातनं जिवंत उतरलो, आणि शाबासकी काय... तर मेंढरापरीस बरा!